साठ ताके, आठ ताके आणि कानातले रातकिडे

पत्र, थोडक्यात आणि ओळख काढून:

इचलकरंजीच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ५४. लग्न होऊन आल्यापासून १९ वर्षं घरच्या शेडमध्ये मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या. खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचं कापड मजुरीने विणून देत चालणारे आठ माग होते, मंदीत ते विकावे लागले. गेली सहा वर्षं त्या एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर फोनवरून ऑर्डरी घेतात आणि गल्लीतल्या बचत गटाचा हिशोबही त्याच लिहितात. चार वर्षांपासून दोन्ही कानांत रातकिड्यांसारखा आवाज आहे, दिवसा कमी, रात्री जास्त, पण पूर्ण बंद असा कधीच होत नाही. वर्षभरापासून त्यांना वाटतंय की आपली स्मरणशक्ती चाललीये. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता आकडा सुटतो, वाचलेली ओळ परत वाचावी लागते, समोर उभ्या माणसाचं नाव पटकन येत नाही. दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाईकाने फोनवर साठ ताके (कापडाचे गुंडाळे) सांगितले, ह्यांनी वहीत आठ लिहिले, आणि मालक सगळ्यांसमोर बोलले. त्यांच्या आईला शेवटची काही वर्षं डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता, ती सगळी सेवा ह्यांनीच केली. आता त्या एका डायरीत स्वतःच्या चुका तारीख घालून लिहितात, गेल्या महिन्यात ११ झाल्या. मिस्टर म्हणतात वय झालं, पुण्याच्या मुलाला काही सांगितलेलं नाही. मेडिकलमधून आणलेली झोपेची अर्धी गोळी आणि स्मरणशक्तीची एक कॅप्सूल रोज चालू आहे. त्या लिहितात, "मला ऐकू नीट येतं, फक्त आवाज येतो. हा आवाज मेंदू पोखरतोय का तेवढं सांगा. नोकरी आणि गट दोन्ही सोडायचं जवळजवळ ठरवलंय, उद्या लोकांच्या पैशात चूक झाली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले, साठ ताके आणि आठ ताके. तुम्ही ती चूक विसरण्याचा पहिला पुरावा म्हणून दिलीये आणि नोकरी सोडायचा विचारही तिच्यावरच उभा आहे. पण मला विचारायचंय की त्या दिवशी तुम्हाला साठ ऐकू आलं होतं का? म्हणजे साठ ऐकलं, साठ डोक्यात होतं आणि लिहिताना आठ झालं, असं झालं? की कानावर आलंच आठ?

दोन्ही शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. साठ. आठ. मधे फरक आहे तो फक्त सुरुवातीच्या स चा. आणि हा जो स आहे ना, तो आपल्या बोलण्यातल्या सगळ्यात बारीक, सगळ्यात वरच्या पट्टीतल्या आवाजांपैकी एक, त्याचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक). मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा कान सगळ्यात आधी कुठे अधू होतो, तर बरोबर त्याच ४००० हर्ट्झच्या आसपास. आ, ओ, ए हे जाड स्वर शाबूत राहतात, म्हणून बोलणं ऐकू तर येतं, आवाज लहान झालाय असंही वाटत नाही, फक्त शब्दांच्या कडा झिजतात. साठचं आठ होतं, सातचं आत होतं. त्यात जुन्या साध्या लँडलाइनवर साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं काही पलीकडे पोचतच नाही, म्हणजे जो स तुमचा कान आधीच अर्धा सोडत असणार तो फोननेही वाटेत गाळलेला असतो.

तुम्ही लिहिलंय की मला ऐकू नीट येतं. मी त्यावर शंका घेतेय ती तुम्हाला खोटं ठरवायला नाही. १९ वर्षं शेडमध्ये होतात तुम्ही, मागांची खटखट, शेजारी कांडी मशीन, अशा ठिकाणी आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो आणि आठ तासांच्या पाळीला ८५ च्या पुढे कानाला धोका धरतात. तिथे बायका एकमेकींशी कशा बोलतात हे तुम्ही मला सांगायला हवं, समोर येऊन, ओठ मोठे हलवून, हाताने खुणा करून. तुम्ही १९ वर्षं ओठ वाचायचा सराव केलाय आणि तो अजून तुमच्या कामी येतोय, म्हणून घरात, बाजारात, गटाच्या मीटिंगमध्ये तुमचं निभावतं. फोनवर ओठ नसतात. एक साधी गोष्ट करा, आज संध्याकाळी मिस्टरांना तुमच्या पाठीमागे पाच-सहा पावलांवर उभं राहायला सांगा आणि साठ, आठ, सात, आत, सण, फण असे शब्द उलटसुलट म्हणायला लावा, तुम्ही ऐकाल ते लिहा. ही काही टेस्ट नाही, खरी तपासणी वेगळी, पण कानाची तपासणी कशासाठी करायची हे तुम्हाला त्या कागदावरून कळेल.

आता आवाजाबद्दल. तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो खूप लोकांचा असतो, की आवाज ही एक वस्तू आहे, वाळवीसारखी, आणि ती आत बसून मेंदू खातेय. तसं नाहीये. आतल्या कानात, त्या गोगलगायीसारख्या शंखात, साधारण १५ हजार केसपेशी असतात, त्या आवाज पकडून मज्जातंतूकडे देतात. मोठ्या आवाजाने, वयाने, काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. ज्या पट्टीतल्या पेशी गेल्या त्या पट्टीतून मेंदूला काही येईनासं झालं की मेंदू त्या बाजूचा व्हॉल्यूम वाढवतो, जसं स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओ मोठा करतो आणि गाण्याऐवजी खरखर मोठी येते. तुमचे रातकिडे म्हणजे ती खरखर. म्हणूनच पूर्वी काही रुग्णांचा कानाचा मज्जातंतूच ऑपरेशनने कापला तरी आवाज राहिलाच, कारण तोवर तो कानाचा उरलेलाच नव्हता.

आणि तो ऐकू येणं हे वेड नाही, विरळाही नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन ह्या दोघांनी ऐकू चांगलं येणाऱ्या ८० लोकांना बाहेरचा आवाज अजिबात न येणाऱ्या खोलीत काही मिनिटं बसवलं, त्यातल्या ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. २०२२ च्या एका मोठ्या पाहणीत जगभरात ७४ कोटींहून जास्त प्रौढांना हा आवाज असल्याचा अंदाज आला आणि १२ कोटींहून जास्त लोकांना तो तीव्र स्वरूपात आहे. आपल्याकडेही कर्णनाद हा शब्द सुश्रुताने कानाच्या रोगांच्या यादीत घातलेला आहे, म्हणजे माणसं हे फार पूर्वीपासून सोसत आलीयेत. माझ्या स्वतःच्या उजव्या कानात नऊ वर्षं बारीक शिट्टी आहे. पहिलं वर्ष मी असंच काढलं, रात्री दोन वाजता उठून पंख्याखाली बसायचं आणि सकाळी ऑफिसात कालचं काय राहिलंय ते आठवायचं नाही. त्यामुळे तुमच्या पत्रातली कुकरची ओळ वाचून माझ्या पोटात कालवलं, मला ते माहीत आहे.

पण आवाज मेंदू खात नाही म्हणजे डोक्याशी त्याचा काही संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. संबंध आहे, आणि डॉक्टर जेव्हा घाईत "लक्ष देऊ नका" म्हणतात तेव्हा हीच गोष्ट राहून जाते. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०२० मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर कानात आवाज असणारे लोक काही प्रकारच्या चाचण्यांमध्ये थोडे मागे पडतात असं दिसलं, पटकन विचार करणं, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं, थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं, नवीन शिकलेलं परत काढणं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. आवाज असणाऱ्या लोकांना बहुतेकदा ऐकूही कमी येतं, झोपही कमी असते, काळजीही जास्त असते, आणि ह्यातली प्रत्येक गोष्ट एकटीने सुद्धा डोकं जड करू शकते.

मला ते कसं कळलं ते सांगते. तुमच्या गॅसला दोन शेगड्या आहेत असं धरा, आणि एकीवर कायम दूध ठेवलेलं आहे, उतू जाईल अशा बेतात, आणि तुम्हाला ते उतरवायची परवानगी नाही. दुसऱ्या शेगडीवर तुम्ही सगळा स्वयंपाक करणार, करालही, वर्षानुवर्षांचा हात आहे, पण अर्धा डोळा दुधाकडेच राहणार. कानातला आवाज असा अर्धा डोळा घेतो. गोष्ट लक्षात राहते त्याच्या आधी ती लक्षात *यावी* लागते. तिसरी शिट्टी झाली तेव्हा तुमचं लक्ष आतल्या शिट्टीकडे होतं, तर बाहेरची तिसरी मोजलीच गेली नाही, मग ती आठवणार कुठून. त्यात ऐकू कमी येत असेल तर प्रत्येक वाक्यातले गाळलेले शब्द मेंदू अंदाजाने भरत बसतो, संध्याकाळपर्यंत माणूस थकून जातो, आणि सगळ्यांना वाटतं ही घुमी झाली, ही विसरते. तुमच्या ११ चुका मी परत बघितल्या. सहा दुपारी चारनंतरच्या आहेत, तीन फोनवरच्या आहेत. मला ह्यात एक दमलेली, अर्धवट ऐकणारी, कमी झोपणारी बाई दिसतेय.

झोपेवर जरा थांबते कारण मला तिथे जास्त काळजी वाटली. दिवसभर जे शिकलो, ऐकलं, ते पक्कं बसतं ते झोपेत. तुम्ही रात्री चार तास झोपताय आणि तेही गोळीने. तुम्ही गोळीचं नाव लिहिलंय म्हणून सांगते, अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या स्वतःच लक्ष आणि स्मरण मंद करतात, विशेषतः नव्या गोष्टी लक्षात राहत नाहीत, आणि सवय लागते ती वेगळी. म्हणजे ज्याला घाबरून तुम्ही गोळी घेताय त्यातलं थोडं ती गोळीच करत असेल. पण हे वाचून आज रात्रीपासून ती एकदम बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते, महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी अचानक थांबवली तर बेचैनी, निद्रानाश आणि क्वचित फिट सुद्धा येऊ शकते. डॉक्टरला दाखवायची आणि त्याच्या हाताने हळूहळू कमी करायची. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय तर पुन्हा आणायचीच नाही.

ती दुसरी कॅप्सूल, तिच्या पाकिटावर जिन्को, म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क, लिहिलंय का बघा. कानातल्या आवाजासाठी जिन्को जगभर विकलं जातं आणि त्याने आवाज कमी होतो असं चांगल्या अभ्यासांत दिसलेलं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते घेणं धोक्याचंही आहे. ते पैसे कानाच्या तपासणीला ठेवा. आणि बहिणीने सांगितलेलं लसणाचं कोमट तेल कानात नको, कानाच्या पडद्याला भोक असेल तर नवीन दुखणं लागेल.

आता आईचं. मला वाटतं ह्या पत्राच्या तळाशी आईच आहे. तुम्ही लिहिलंय की त्या शेवटी आपल्याच गल्लीत उभ्या राहून घर कुठंय विचारायच्या, आणि एकदा दुधाच्या पातेल्यात साडीची घडी ठेवली होती. सहा वर्षं हे जवळून बघितलेल्या लेकीला चष्मा सापडला नाही तरी धडकी भरते, भरणारच. पण आईचं विसरणं आणि तुमचं विसरणं शेजारी ठेवून बघा. आईंना आपण विसरतोय हे कळत होतं का? तुम्हाला प्रत्येक चूक तारखेसकट, वेळेसकट, समोर कोण होतं त्यासकट आठवते. नाव लगेच आलं नाही तरी अर्ध्या तासाने भांडी घासताना येतं, असं तुम्हीच लिहिलंय. थोडी आठवण दिली की आलं, ह्याचा अर्थ ते आत होतं. ह्यावरून मी तुम्हाला सर्टिफिकेट देत नाहीये, मी डॉक्टर नाही, आणि तुमच्या मनात ही भीती इतकी घर करून आहे तर फिजिशियनकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे एकदा स्मरणशक्तीची साधी चाचणी करूनच घ्या, कागदावर घड्याळ काढायला सांगतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. फक्त ऐकू कमी येत असेल तर ते आधी सांगा, नाहीतर नीट न ऐकलेला शब्द आठवला नाही म्हणून तिथेही मार्क जातात.

आणि ज्यांच्या घरी खरंच वेगळं काही चाललंय त्यांनी मात्र हे वाचून निवांत बसू नये. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत परत विचारणं आणि विचारला हे न आठवणं, पैसे मोजणं किंवा रोजचा स्वयंपाक ह्यातला क्रमच सुटणं, स्वतःला काही वाटत नाही पण घरच्यांना दिसतंय, असं असेल तर कान सोडून आधी त्यासाठी जा.

बहिऱ्यांना डिमेन्शिया होतो अशा बातम्या तुम्ही मोबाईलवर वाचल्यात, त्याचं खरं काय तेही सांगते. लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या अशा १४ गोष्टी दिल्या ज्यांच्यावर काही करता येतं, सगळ्या मिळून एकूण डिमेन्शियातला साधारण ४५ टक्के भाग, आणि त्यात ऐकू कमी येण्याचा वाटा ७ टक्के धरलाय. ह्याचा अर्थ ऐकू कमी येणाऱ्या शंभरातल्या सात जणांना डिमेन्शिया होतो असा नाही. अर्थ असा की समाजात ऐकू कमी येणं समजा नसतंच, तर हिशोबाने एकूण डिमेन्शियातला साधारण तेवढा भाग टळला असता. आणि त्या १४ मध्ये कानातला आवाज नाही. ऐकू कमी येणं आहे, आवाज नाही, तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. उलट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनच्या दोन संशोधकांनी ऐकू कमी येणाऱ्या वयस्कर लोकांचे आकडे बघितले, तर काही गटांत आवाज असलेल्यांचे विचारशक्तीचे मार्क आवाज नसलेल्यांपेक्षा चांगले निघाले. त्यावरून आवाज चांगला असं कोणी म्हणणार नाही, पण आवाज आला म्हणजे मेंदू गेला हे सरळ गणित कुठेच लागत नाही.

ऐकू कमी येण्यावर काही केलं तर फायदा होतो का, ह्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, २०२३ मध्ये निकाल आला. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, अर्ध्यांना कानाचं मशीन आणि ते वापरायचं शिक्षण, बाकीच्यांना आरोग्यावरचं सर्वसाधारण मार्गदर्शन, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून फरक पडला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मशीनवाल्यांची विचारशक्तीची घसरण ४८ टक्के कमी झाली. ते लोक तुमच्यापेक्षा १६ ते ३० वर्षांनी मोठे होते, म्हणून मी हे तुम्हाला वचन म्हणून देत नाही. मशीन लावायचं ते साठला साठ ऐकू यावं म्हणून, तेवढं कारण पुरे आहे.

तर पहिलं काम, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, मळ आहे का बघतील, मग ऑडिओग्राम होईल, बंद खोलीत हेडफोन लावून बीप ऐकायचे असतात, अर्ध्या तासात होतं, दुखत नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजात ही सोय असते, मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, आणि उत्पन्न कमी असेल तर अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मशीन मिळू शकतं, विचारायची लाज वाटून घेऊ नका. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. जास्त डोसची अ‍ॅस्पिरिन, काही अँटिबायोटिक इंजेक्शनं, टीबीला पूर्वी द्यायचे ते स्ट्रेप्टोमायसिन, लघवीची काही औषधं, ह्यांनी कानावर परिणाम होतो, डॉक्टरला ते कळू दे. रक्तात बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शुगर बघून घ्या, तुम्ही शाकाहारी आहात आणि बी-१२ कमी असलं तर विसरायला होणं, थकवा, मुंग्या हे सगळं त्याने एकट्यानेही होतं आणि त्याला इलाज सोपा आहे.

एमआरआय मागू नका लगेच. दोन्ही कानांत सारखा आवाज असेल आणि बाकी काही नसेल तर तो सहसा लागत नाही. एकाच कानात असेल तर लागू शकतो, माझा त्यासाठीच केला होता, नॉर्मल आला. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड असा आवाज येत असेल, चक्कर, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं असं काही असेल तर थांबू नका. आणि एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर "सर्दी असेल" म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी जा, त्यावर लवकर उपचार केला तरच उपयोग असतो.

रात्रीसाठी, एकदम सामसूम खोलीत झोपू नका. पंखा, खिडकीतून येणारा हलका आवाज, मोबाईलवर पावसाचा आवाज, पण कानातला आवाज पूर्ण झाकेल इतका मोठा नको, त्याच्या जरासा खाली. मेंदूला दुसरं काहीतरी ऐकायला द्यायचं एवढंच. दिवसभर कानात कापूस घालून बसू नका, त्याने आवाज जास्तच जाणवतो, कापसाने मोठा आवाज अडतही नाही. आवाजाच्या त्रासावर सगळ्यात चांगला पुरावा आहे तो सीबीटी नावाच्या बोलण्याच्या उपचाराला, २०२० मध्ये २८ अभ्यास, २७०० हून जास्त लोक एकत्र बघितले, तर आयुष्यावरचा त्याचा जाच कमी होतो असं निघालं. आवाज तेवढाच राहतो बऱ्याचदा, दूध उतू जायची भीती कमी होते, मग तो अर्धा डोळा परत मिळतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की आपल्याकडे लगेच लोक काय म्हणतील येतं, तर सुरुवातीला टेलि मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करून मराठीत बोलता येतं, फुकट आहे. फोनवर ऐकायला जड जात असेल तर मिस्टरांना शेजारी बसवा.

डायरी मात्र बंद करा. तुम्ही दिवसभर स्वतःची परीक्षा घेताय आणि त्याच डोक्याने कामही करताय. लिहायचंच असेल तर रात्री एक ओळ लिहा, किती तास झोप झाली आणि आज फोन किती घेतले.

नोकरीचं. सोडू नका, आत्ता तरी नको. मला तुमची भीती समजते, पैशाचा मामला आहे आणि तुमचं नाव आजवर स्वच्छ आहे. पण सोडून काय होईल ते बघा, दुपारचं रिकामं, शांत घर, मुलगा पुण्यात, मिस्टर बाहेर, आणि तुम्ही आणि रातकिडे. बोलणारी माणसं कमी झाली की डोक्यालाही काम कमी मिळतं. सोडायची वेळ येऊही शकते, मालक रोजच अपमान करत असतील, किंवा मशीन लावून सुद्धा फोन झेपत नसेल, तर फोनचं काम सोडा, पेढीवरचं दुसरं मागा. तो निर्णय ऑडिओग्राम हातात आल्यावरचा आहे. तोपर्यंत मालकांना एवढंच सांगा, "शेडमध्ये वर्षं काढली त्याने कानाला थोडा त्रास आहे, आकडा चुकू नये म्हणून ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरही मागवते." फोनवर आकडा आला की सुटा करून परत म्हणा, सहा-शून्य, साठ ताके, बरोबर? सहा आणि आठ कानाला वेगळे लागतात. कितीतरी पेढ्यांवर चांगले कान असलेली माणसं सुद्धा असंच करतात. गटात तुम्ही लिहा आणि शेजारी बसून दुसरी एखादी मोठ्याने वाचून दाखवेल अशी पद्धत पाडा, ते सगळ्याच गटांसाठी चांगलं आहे.

आणि एक, तुम्ही सहज लिहून गेलात की मिस्टर टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी तक्रार करतात. ते पण त्याच शेडमध्ये होते ना, तुमच्याहून जास्त वर्षं? "वय झालं" म्हणणारा तो माणूस स्वतःही कमी ऐकत असेल. दोघांनी एकाच दिवशी जा, एकाच रिक्षातून.

जे अजून मागांवर आहेत, सायझिंगला (सुताला खळ लावायच्या कामाला) आहेत, ढोलपथकात आहेत, डीजेच्या समोर उभे राहतात, त्यांना, तुमच्या कानातल्या केसपेशी एकदाच मिळालेल्या आहेत. फोमचे इअरप्लग काही रुपयांत मिळतात, पाळी सुरू होताना घाला. पाळी संपल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, शिट्टी वाजते आणि सकाळपर्यंत जाते, तीच पहिली सूचना असते. मोठ्या आवाजाने आलेला बहिरेपणा हा कामामुळे होणारा आजार म्हणून आपल्या कायद्यात मान्य आहे, तेव्हा कामगारांनी तपासणी मागायला कचरू नये.

मुलाला ह्या रविवारी फोन करा ताई, पण व्हिडिओ कॉल करा, म्हणजे त्याचे ओठ दिसतील. आईसारखं होतंय असं सांगू नका, ते तुम्हाला अजून माहीतच नाही. कान तपासायला जायचंय, रजा काढून येतोस का, एवढं विचारा.